सेनापती दिसला पाहिजे



१३ ऑगस्ट १९४२ रोजी बर्नार्ड माँटगोमेरी यांनी इजिप्तमध्ये ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीची सूत्रं हाती घेतली. माघार घेऊन घेऊन ही फौज थकली होती. सैनिकांच्या मनात दरारा होता तो शत्रूच्या सेनापतीचा, रोमेलचा. लाखाच्या वर फौज. त्यातल्या साध्या शिपायाला आपला सेनापती दिसणार कधी?

माँटगोमेरींनी स्वतःला दिसतं केलं. रणगाडा दलाची काळी बेरे टोपी घातली आणि तिच्यावर दोन बिल्ले लावले. एक त्या दलाचा, दुसरा जनरलच्या हुद्द्याचा. नियमात न बसणारी ही टोपी लांबूनही ओळखू येई. ते स्वतः सिगारेट ओढत नसत, पण सैनिकांना आवर्जून वाटत.

टोपीच्या आधीच हुकूम आला होता : यापुढे माघार नाही. तीन आठवड्यांच्या आतच रोमेलनं आलम हाल्फावर हल्ला चढवला आणि फौज जागची हलली नाही. सेनापती बोलतो तसं घडतं, हे शिपायानं पाहिलं. ऑक्टोबरात एल अलामेनला तो लढायला उभा राहिला, तो या भरवशावर.

नुसतं रूप तर उसनंही घेता येतं. मे १९४४ मध्ये क्लिफ्टन जेम्स नावाच्या नटाला माँटगोमेरींच्या वेशात जिब्राल्टर आणि अल्जिअर्सला पाठवलं गेलं, जर्मन हेरांची दिशाभूल करायला. तो पगारखात्यात लेफ्टनंट होता. सलाम त्यालाही मिळाले. फौज मात्र त्याच्या हाती कुणी दिली नसती.

पुढे हीच प्रतिमा माँटगोमेरींना भोवली. जानेवारी १९४५ मध्ये आर्देनच्या लढाईबद्दल ते पत्रकारांशी असे बोलले, की जणू अमेरिकनांना त्यांनीच वाचवलं. अमेरिकन सेनानी खवळले. लढाई मुख्यतः अमेरिकनांची होती, हे शेवटी चर्चिलना पार्लमेंटात सांगावं लागलं.

त्याच काळात ब्रह्मदेशात जनरल स्लिम चौदाव्या आर्मीचे प्रमुख होते. फौजेत बहुसंख्य हिंदी सैनिक. स्लिम त्यांच्याशी हिंदुस्तानीत, गुरख्यांशी गुरखालीत बोलत. आघाडीवरच्या तुकडीचा शिधा निम्म्यावर आला, की ते आपल्या मुख्यालयाचाही निम्मा करत. त्यामुळे मुख्यालयातले अधिकारी रसद पोचवायला अधिक धावपळ करत, हा त्यातला दुसरा लाभ. सेनापतीनं दिसावं ते असं : शिपायाला धीर यावा आणि त्याच्या पोटात चार घास जास्त पडावेत.