औषधाची चूक : लपवावी कीं सांगावी ?

रुग्णालयांत औषध देतांना होणाऱ्या चुका हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी डॉक्टर नव्हे. डहाणूजवळच्या नरपड गांवीं समुद्रकांठीं राहणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहें. मग या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असें आपण विचाराल. माझा अधिकार इतकाच कीं, चुका तपासणें हाच माझा जन्माचा व्यवसाय होता. तीस वर्षांहून अधिक काळ मुलांच्या वह्या पाहून मीं एक गोष्ट शिकलों. ज्या वर्गांत चुकीला छडी मिळते, त्या वर्गांत चुका कमी होत नाहींत. खाडाखोड मात्र वाढते.

परंतु ही शिकवण एकदां मी स्वतःच विसरलों. कांहीं वर्षांपूर्वीं माझी पत्नी तापानें आजारी पडून एका रुग्णालयांत होती. शेजारच्या खाटेवर तिच्याच आडनांवाच्या दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांना मधुमेह होता. आमच्या किनाऱ्यावरील गांवांत एका आडनांवाचीं दहा घरें सहज निघतात. खाटेच्या पायथ्याशीं अडकविलेल्या पाटीवर मात्र केवळ आडनांव लिहिलेलें असे. रात्रपाळी संपून दिवसपाळी सुरू होण्याच्या गडबडींत त्या बाईंची गोळी माझ्या पत्नीला दिली गेली. थोड्या वेळानें तिला दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले. परिचारिकेच्या वेळींच ध्यानांत आलें. तिनें साखरेचें पाणी पाजलें, डॉक्टरांना बोलाविलें, आणि संध्याकाळपर्यंत प्रकृति ताळ्यावर आली.

रात्रीं ती परिचारिका व्हरांड्यांत येऊन मला म्हणाली, “मास्तर, हें वर कळलं तर माझी नोकरी जाईल.”

मीं म्हटलें, “सिस्टर, निश्चिंत असा. मी कोणाला सांगणार नाहीं.”

आपण मोठें मन दाखविलें, असें मला त्या वेळीं वाटलें. आठवड्यानें कांहीं कागदपत्रें आणावयास मी पुन्हां तेथें गेलों. त्या दोन खाटांवर आतां दुसऱ्या बायका होत्या, आणि पाट्यांवर पूर्वींप्रमाणेंच केवळ आडनांवें होतीं. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, परिचारिकेबरोबर मीं त्या चुकीलाही पाठीशीं घातलें होतें.

औषधाच्या चुका बहुधा अज्ञानानें होत नाहींत. दोन औषधांचीं नांवें उच्चारांत सारखीं असतात. दोन बाटल्यांचें रूप सारखें असतें. चिठ्ठीवरील अक्षर लागत नाहीं. दशांशचिन्ह एक घर सरकलें कीं मात्रा दसपट होते. पाळी बदलतांना सांगावयाचें राहून जातें. माणूस बदलला तरी हीं कारणें जागच्या जागीं राहतात.

याचें एक अलीकडील उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यांत पोलिओच्या लसीकरणाच्या वेळीं पांच वर्षांखालील १२ बालकांना लशीऐवजीं हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बालकांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयांत न्यावें लागलें. सुदैवानें तीं सर्व बचावलीं. तीन कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कारवाई व्हावी, याविषयीं माझें म्हणणें नाहीं. परंतु लस पाजण्याच्या जागीं सॅनिटायझर हाताशीं कसें आलें, आणि इतर शेंकडों केंद्रांवर तें तसें येऊं नये म्हणून काय करावें, हा प्रश्न कारवाईनें सुटत नाहीं.

दुसरें उदाहरण जुनें आहे, पण आपल्या मुंबईशीं निगडित आहे. डॉ. हाफकिन यांनीं १८९७ सालीं मुंबईंत प्लेगची लस सिद्ध केली आणि ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें ऑक्टोबर १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल गांवीं ही लस टोंचलेल्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. तीं सर्व एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं होतीं. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावें लागलें. वस्तुतः गांवांत ती बाटली उघडतांना बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता. या लहानशा गोष्टीचें खरें महत्त्व मान्य होण्यास पांच वर्षें लागलीं. १९०७ सालीं सर रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत जाहीर निवेदन केलें, तेव्हां कोठें हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्या संस्थेला १९२५ सालीं त्यांचें नांव दिलें गेलें. पण एका शास्त्रज्ञाच्या उमेदीचीं वर्षें फुकट गेलीं, तीं गेलींच. दोषी कोण, याचा शोध आधीं लागला. काय घडलें, याचा मागाहून.

येथें एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. चूक निराळी आणि लबाडी निराळी. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीननें १४ रोगी दगावले, आणि न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशींतून भेसळ व भ्रष्टाचार उघड झाला. अशा गुन्ह्याला क्षमा नाहीं. परंतु प्रामाणिक माणसाच्या हातून झालेल्या चुकीला गुन्ह्याच्याच मापानें मोजलें, तर प्रामाणिक माणूसही मुका होतो.

विमानविद्येनें हें फार पूर्वीं ओळखलें. अमेरिकेंत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका, आणि थोडक्यांत टळलेले प्रसंगही, ‘नासा’ या संस्थेला कळवितात. शिक्षा करणारें खातें वेगळें, चुका ऐकून घेणारी संस्था वेगळी. सांगणाऱ्याचें नांव गुप्त राहतें, आणि शिकवण सर्वांना मिळते. जिच्यामुळें कोणाला इजा झाली नाहीं, ती चूक तर सर्वांत मोलाची. कारण तिची शिकवण फुकट मिळते.

आपल्या देशांतही २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना चालू आहे. तिचें केंद्र गाझियाबादला आहे. डॉक्टर व परिचारिका यांच्याप्रमाणें रोगी किंवा त्याचे नातेवाईकही तेथें माहिती कळवूं शकतात. १८००-१८०-३०२४ हा तिचा विनामूल्य दूरध्वनि आहे. प्रत्येक रुग्णालयानेंही अशी एक वही ठेवावी. तींत कोणी चुकलें यापेक्षां कसें चुकलें हें लिहावें, आणि महिन्यास एकदां ती सर्वांनीं मिळून वाचावी.

आपणां घरच्या माणसांनींही थोडें करावें. औषध देणाऱ्यास रोग्याचें पूर्ण नांव उच्चारावयास सांगावें. गोळी कोणती व कशासाठीं, हें नम्रपणें विचारावें. आमच्या भागांतील अनेक वारली मातांना औषधाच्या वेष्टनावरील इंग्रजी वाचतां येत नाहीं. अशांसाठीं शेजारच्या शिकलेल्यानें तें वाचावें. आणि चूक दिसलीच, तर आरडाओरड करूं नये. पण गप्पही बसूं नये.

त्या रात्रीं व्हरांड्यांत मीं परिचारिकेला म्हणावयास हवें होतें, “सिस्टर, चला, आपण दोघें मिळून सांगूं. तुमची नोकरी राहावी म्हणून मीही शब्द टाकीन. पण त्या पाटीवर पूर्ण नांव आलें पाहिजे.” तें मीं म्हटलें नाहीं. म्हणून आज आपणांस सांगितलें.