मुलाला कोणत्या शाळेत घालायचं?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)

 

समितीने आम्हा उभयतांना बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. आम्ही शिक्षक नाही की वक्ते नाही. आमच्यातला एक नागापूरच्या एमआयडीसीत पाळीची नोकरी करतो आणि दुसरी घरी शिलाई मशीन चालवते. पण अध्यक्ष म्हणाले, "शहाणपण सांगू नका, तुमच्याकडून काय चुकलं ते सांगा." ते मात्र आमच्याकडे भरपूर आहे. म्हणून उभे राहिलो.

आमची थोरली तीन वर्षांची झाली तेव्हा आम्ही एकच गोष्ट पाहिली. शेजारच्या गल्लीतली पोरं टाय लावून पिवळ्या बसने जात होती. म्हटलं, आपली पोरगी पण जाईल. पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि इंग्रजी माध्यमात नाव घातलं. शाळेचं नाव इथे सांगत नाही, कारण चूक शाळेपेक्षा आमची जास्त होती. आम्ही आत जाऊन काही पाहिलंच नव्हतं. पालकसभेत बाई इंग्रजीत बोलायच्या आणि आम्ही दोघं माना डोलवायचो. घरी पोरगी अख्खी पानं घडाघडा म्हणून दाखवायची. आजी कौतुकाने कडाकडा बोटं मोडायची. तिसरीत असताना एक दिवस सहज विचारलं, "बाळा, याचा अर्थ काय गं?" पोरगी गप्प. दुसऱ्या दिवशी मराठी पेपर पुढे ठेवला. तोही तिला वाचता येईना. इतक्या वर्षांत ना इंग्रजी समजली, ना आईची भाषा वाचता आली. कर्जाचे हप्ते मात्र चालू होते.

त्याच सुमारास एका नातेवाइकाने आम्हाला एक वेगळ्या पद्धतीची, प्रयोगशील म्हणतात तशी शाळा दाखवली. तिथे मुलं जमिनीवर बसून मातीची भांडी करत होती, बिया मोजत होती, बाईंशी वाद घालत होती. पहिल्या इयत्तांना परीक्षाच नाही. एकही मूल घाबरलेलं दिसलं नाही. खरं सांगतो, आमचे डोळे भरून आले. कारण आमच्या दोघांच्या शाळेच्या आठवणी म्हणजे छडी आणि मागचा बाक. पण घरी आल्यावर आजी म्हणाली, "मातीत खेळायला शाळा कशाला लागते? माती आपल्या दारात आहे."

त्या रात्री आमच्यात खडाजंगी झाली. एकाचं म्हणणं, पोरीला भीतीविना शिकू दे. दुसरीचं म्हणणं, "त्या शाळेतल्या बाकीच्या मुलांच्या बापाचं दुकान आहे, जमीन आहे, ओळखी आहेत. त्यांचा प्रयोग फसला तरी ते पडतील कुठे, तर गादीवर. आपली पोरगी पडली तर फरशीवर पडेल. आपल्याकडे मार्कलिस्टशिवाय दुसरं काय आहे?" मायबापहो, हा प्रश्न आज आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात आहे. ज्यांच्याकडे इस्टेट नाही त्यांनी परीक्षेविना शिक्षणाची चैन करावी का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही विहाराच्या वाचनालयातली पुस्तकं चाळली, जाणत्यांना विचारलं. तेव्हा एक गोष्ट कळली आणि आश्चर्य वाटलं. आज मोठ्या शहरांत ज्या पद्धतींच्या नावाने भरमसाट फी घेतात, त्या पद्धती मुळात गरिबांच्या लेकरांसाठी निघाल्या. डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडलं. जर्मनीत श्टुटगार्टला रुडॉल्फ श्टायनर यांची पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ साली सुरू झाली, ती सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, अशी त्यांची कुरणशाळा. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी शाळेबाहेर राहिलेल्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून सुरुवात केली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. आपल्याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीच्या शाळेने इतर ठिकाणी नापास झालेल्या मुलांना आवर्जून जवळ केलं. म्हणजे आनंदाने शिकणं ही बंगलेवाल्यांची मिरास नाही. ती आपल्याच लेकरांसाठी निघालेली वाट आहे, पुढे ती महाग झाली.

पण आपल्या वाडवडिलांना या नव्या पद्धतींचा संशय का येत होता, तेही समजून घेतलं पाहिजे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हातांच्या उद्योगातून शिक्षण, असा तो विचार. विचार म्हणून त्यात पुष्कळ घेण्यासारखं आहे. पण आमचा आजा म्हणायचा, "हातकाम आम्हाला कोण शिकवणार? दोर वळणं, सांगावा पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं. आम्हाला पाहिजे ती लेखणी." त्याचं काय चुकलं? याच जिल्ह्यात हरेगावला १९३९ साली बाबासाहेब महार वतनदारांच्या परिषदेला आले होते. वतनाच्या जोखडात मान अडकलेल्या माणसाला पोराच्या हातात पुन्हा सूत आणि केरसुणी दिसली तर तो दचकणारच. कर्मवीर भाऊरावांनी मात्र श्रमाला वेगळा अर्थ दिला. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची आणि सगळीच राबायची. काम सगळ्यांना सारखं असेल तर त्यात कमीपणा राहत नाही. म्हणून शाळेत काम करून घेतात का, एवढंच विचारू नका. कुणाकडून करून घेतात, ते पाहा.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागणी केली की प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीची आणि आरोग्याची माहितीही असावी, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे अक्षर आणि जगणं ही दोन्ही हवीत, त्यातलं एक सोडा असं ते म्हणाले नाहीत. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात बजावलं की शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आलं पाहिजे. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. ज्यांना शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं होतं, त्यांनी कॉलेजं काढली.

आता थोरलीचं सांगतो. आम्ही तिला ना त्या प्रयोगशील शाळेत घातलं, ना पहिल्या शाळेत ठेवलं. घराजवळच्या मराठी शाळेत घातलं, जिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी. तिचं एक वर्ष वाया गेलं, मैत्रिणी तुटल्या. ती रडत म्हणाली, "मला आधी विचारलं का नाही?" याचं उत्तर आमच्याकडे आजही नाही.

आणि धाकट्याचं सांगताना तर मान खाली जाते. तो सात वर्षांचा झाला तरी त्याला जोडाक्षरं वाचता येईनात. एका रात्री दुसऱ्या पाळीवरून थकून आल्यावर आमच्यातला एक त्याला म्हणाला, "तुझ्या डोक्यात काही शिरत नाही. माझ्यासारखा हेल्परच होशील." दुसरीने ते ऐकलं आणि ती काही बोलली नाही. म्हणून ते वाक्य आम्हा दोघांचंच धरा. पोरगं पांघरुणात तोंड घालून झोपलं.

त्यानंतरच्या पौर्णिमेला याच विहारात भन्तेजींनी चूळपंथकाची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐकली असेल. थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला संघात आणलं आणि एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले तरी एक गाथा पाठ होईना. भाऊ म्हणाला, तुझं इथे काम नाही, घरी जा. चूळपंथक रडत निघाला तेव्हा वाटेत तथागत भेटले. त्यांनी त्याला हाकलला नाही आणि पुन्हा तीच गाथाही घोकायला लावली नाही. एक स्वच्छ कापड हातात दिलं आणि "रजोहरणं, रजोहरणं" म्हणत ते चोळत राहायला सांगितलं. चोळता चोळता कापड मळलं, आणि त्या मळलेल्या कापडातून चूळपंथकाला अनित्यता उमगली. तो अर्हत झाला.

आम्ही दोघं मागच्या रांगेत बसून रडलो. आमच्या सगळ्या भांडणाचं उत्तर त्या गोष्टीत होतं. तथागतांनी चूळपंथकासाठी मुक्काम बदलला नाही. थोरल्या भावाला जिथे पोचायचं होतं, तिथेच धाकटाही पोचला. बदलली ती फक्त वाट. आपल्या लेकराला सोपं, हलकं शिक्षण मागायचं नाही. दहावी, बारावी, पुढे कॉलेज हे गाठायचंच आहे. पण तिथे जायला छडी आणि घोकंपट्टी हीच एक वाट आहे, असं मानायचं कारण नाही. घरी आल्यावर आम्ही चिंचोक्यांवर हिशेब सुरू केला, एसटीच्या पाट्या आणि दुकानांची नावं वाचत फिरलो. वर्षभर लागलं. आज तो वाचतो. पहिला येत नाही, पण पुस्तक पाहून पळतही नाही.

तर शाळा निवडताना काय पाहायचं? कालामांना तथागतांनी सांगितलं की परंपरा आहे म्हणून, ऐकीव आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढण्यापूर्वी जोतीरावांनी आपल्या नगरमधली मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. शाळा काढणारा माणूस आधी शाळा पाहतो, आणि आपण मात्र फाटकावरचा बोर्ड वाचून पोर देतो.

म्हणून फाटकाच्या आत जा. तिसरीच्या मुलापुढे त्याने न पाहिलेलं पान ठेवा आणि वाचायला सांगा. मग अर्थ विचारा. ज्याला येत नाही त्या मुलाशी बाई कशा बोलतात ते ऐका. कोण कुठे बसतं, पाणी कोण भरतं, झाडतं कोण ते पाहा. गुरुजी आपल्याशी आपल्या भाषेत बोलतात का ते बघा; पालकाला ज्या शाळेत तोंड उघडता येत नाही, तिथे पोराचंही तोंड मिटतं. आणि शेवटी विचारा की इथून दहावीच्या बोर्डापर्यंतची वाट कशी आहे. प्रयोगशील शाळेलाही हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे.

काही कामाच्या गोष्टीही ध्यानात असू द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत पहिल्या प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. आपल्या राज्यात अनुसूचित जातीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला मात्र आधी काढून ठेवा. २०२४ साली सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना सूट द्यायचा घाट घातला गेला, तो उच्च न्यायालयाने रद्द केला. पण ही मोफत सोय आठवीपर्यंतच आहे. नववीला फीचं काय, हे पहिलीतच विचारा. त्याच कायद्याने प्रवेशासाठी लेकराची किंवा आईबापाची चाचणी घेणं आणि पोरांना मारणं या दोन्हींना बंदी आहे. सहावीपासून टाकळी ढोकेश्वरचं नवोदय विद्यालय आहे, मोफत आणि निवासी, त्याची प्रवेश परीक्षा पाचवीत असते. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला नाक मुरडू नका. जिथे गुरुजी चांगले आहेत आणि पालक जागे आहेत, तिथे ती कुणाला हार जात नाही.

शेवटी समितीला एक विनंती. कोणत्याही शाळेत घातलं तरी संध्याकाळी पोरं घरी येतात, आणि आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, चूल आणि अभ्यास एकत्र होत नाही. विहाराचा हॉल रोज सात ते नऊ उघडा ठेवू या. दोन दोन पालकांनी पाळीपाळीने बसायचं. शिकवता नाही आलं तरी चालेल, पोरांना वाचून दाखवायला सांगायचं आणि आपण ऐकायचं. सोमवारची पाळी आम्ही दोघं घेतो. फॉर्म भरायच्या दिवसांत ज्यांना ऑनलाइन जमतं त्यांनी इतरांचे फॉर्म भरून द्यावेत. आणि शाळा पाहायला एकेकट्याने न जाता चार घरांनी मिळून जावं, म्हणजे प्रश्न विचारायला धीर येतो.

आमचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या. आमची पोरं इथेच कोपऱ्यात बसली आहेत. त्यांना विचारूनच आज हे सगळं सांगितलं. यावेळी आधी विचारलं.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम, नमो बुद्धाय!