गोळ्या अजून आल्या नाहीत

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत, पुण्याच्या ट्रॅफिकची रडगाणी पण नाहीत. आज घरची गोष्ट आहे. बाबूजींना विचारूनच सांगतोय. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या आजाराबद्दल बोलू का?" तर म्हणाले, "बोल ना. मी का चोरी केली?"

तर मी आत्ता कुडव्यात आहे, आमच्या घरात, वरच्या खोलीत. मागे पंख्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. गोंदिया शहर इथून इतकं जवळ आहे की कुठे शहर संपतं आणि कुठे कुडवा सुरू होतं ते नवीन माणसाला कळत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वर्क फ्रॉम होम घेऊन मे महिन्यात आलो, ते बाबूजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. दोन आठवड्यांत परत जाणार होतो.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात. १२ मे ला रिपोर्ट आला. साखर बरी, बीपी बरं, आणि खाली एक ओळ: अँटी एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह. डोळ्यांच्या दवाखान्यात सांगितलं, "हे पहिले बरं करून या, मग डोळ्याचं पाहू." नंतर कळलं की योग्य काळजी घेऊन असं ऑपरेशन करता येतं. पण त्या दिवशी आम्ही मान हलवून घरी आलो.

हेपटायटिस सी म्हणजे लिव्हरला सूज आणणारा एक विषाणू. तो रक्तातून पसरतो. नीट न उकळलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, न तपासलेलं रक्त. याच्यावर लस नाही. आणि हा अत्यंत शांत आजार आहे. वीस-वीस, तीस-तीस वर्षं माणूस शेती करतो, लग्नात नाचतो, त्याला काहीच कळत नाही. आत लिव्हर हळूहळू कडक होत असतं.

बाबूजींना कुठून झाला? नक्की सांगता येणार नाही. पण १९९४ मध्ये मळणीच्या मशीनमध्ये त्यांचा हात गेला होता, तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. हा विषाणू ओळखलाच मुळी १९८९ मध्ये. त्याच्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. आपल्याकडे रक्तपेढीत प्रत्येक बाटलीची ही तपासणी सक्तीची झाली ती २००० नंतर. म्हणजे ज्या रक्ताने बाबूजींचा जीव वाचला, त्यातूनच हे आलं असू शकतं. त्यावर ते म्हणाले, "मंग त्या रक्ताले नावं कायले ठेवू? त्याच्यानं तर तू पैदा झाला."

बरं, आता वाट पाहण्याची गोष्ट.

पहिली वाट आरएनए टेस्टची. अँटी एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढंच. काही लोकांचं शरीर त्याला स्वतःच हाकलून देतं, पण अँटीबॉडी मागे राहते. आज विषाणू आहे की नाही ते आरएनए टेस्ट सांगते, तिलाच व्हायरल लोड म्हणतात. सॅम्पल बाहेर गेलं. आज येईल, उद्या येईल करत तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत घरात काय झालं ते सांगतो. मायनं काही न बोलता बाबूजींचं ताट आणि गिलास वेगळा ठेवला. तिला वाईट वाटत होतं, पण ताईची चार वर्षांची पोरगी सुट्टीत आली होती आणि ती आजोबांच्या ताटातच जेवते. मी मोबाइलवर वाचून दाखवलं: सोबत जेवल्याने, मिठी मारल्याने, एका गिलासातून पाणी पिल्याने हा होत नाही. मायनं ऐकलं आणि ताट वेगळंच ठेवलं. शेवटी केंद्रातल्या सिस्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "ताट एकच ठेवा. दाढीचं ब्लेड, ब्रश आणि नेलकटर तेवढं वेगळं करा." त्या रात्री ताट परत रॅकमध्ये आलं. माझ्या बीटेकपेक्षा सिस्टरांचं एक वाक्य भारी पडलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आरएनए पॉझिटिव्ह आला. आणि इथे माझी चूक सुरू होते.

तुम्हाला माहीत असेल-नसेल, २८ जुलै २०१८ पासून आपल्या देशात राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे. त्यात हेपटायटिस सी ची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. आम्ही त्यातच नाव नोंदवलं होतं. पण नोंदणी, मग लिव्हर किती कडक झालंय त्याची तपासणी, मग डॉक्टरांची मंजुरी, मग औषधाचा साठा, अशी ती रांग. आणि मला रांग सहन होत नाही. माझं काम काय? एखादी रिक्वेस्ट दोन सेकंदात आली नाही तर मी लॉग उघडून बसतो. मी एक्सेल शीट केली होती. तारीख, कोणाला फोन केला, काय उत्तर मिळालं. उत्तराच्या कॉलममध्ये खालपर्यंत एकच शब्द: पेंडिंग.

बाबूजी विचारायचे, "काय पाहून रायला तू मोबाइलात रात्रभर?"

मी पाहत होतो औषधांची नावं. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर. रोज एकदा, १२ आठवडे. इंटरनेटवर सगळीकडे हेच. मग मला वाटलं, सरकारी रांगेत कशाला थांबायचं? ऑफिसमधल्या एका मित्राच्या ओळखीतून एक माणूस मिळाला. तो म्हणाला, "पैसे टाका, प्रिस्क्रिप्शन नंतर पाठवा." मी अर्ध्याहून जास्त पगार टाकला. चार दिवसांत कुरिअर घरी. तीन महिन्यांची औषधं, सीलबंद. मला इतका आनंद झाला होता! ट्रॅकिंगवर हिरवी टिक, डिलिव्हर्ड.

मी डबा बाबूजींसमोर ठेवला. म्हटलं, "आजपासून सुरू करू."

त्यांनी चष्मा लावला, डबा उलटा-पालटा करून पाहिला. म्हणाले, "डॉक्टरनं लिहून देल्ली का?"

"नाही, पण हीच असते बाबूजी. मी सगळं वाचलं आहे."

"मंग डॉक्टरले दाखव पहिले. युरिया बी मी कृषी सहायकाले इचारल्याबिगर नाई टाकत."

मी चिडलो. खरंच चिडलो. म्हटलं, तुम्हाला तुमच्या जिवाची पडली नाही. ते काही बोलले नाहीत, बांधावर निघून गेले. परह्यांना पाणी द्यायचं होतं.

पुढच्या आठवड्यात नागपूरला फायब्रोस्कॅन झाला. सोनोग्राफीसारखंच असतं, पोटाच्या उजव्या बाजूला टकटक करतं, दुखत नाही. लिव्हर किती कडक आहे ते आकड्यात येतं. या आजारात साधारण १२.५ च्या वर गेलं की सिरोसिस धरतात. बाबूजींचा आकडा आला १६.४. प्लेटलेट्स पण कमी.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. सिरोसिस आहे, पण लिव्हर अजून आपलं काम सांभाळून आहे. पोटात पाणी नाही, रक्ताची उलटी नाही. अशा पेशंटला कार्यक्रमात दुसरी जोडी देतात, सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर. सिरोसिस नसेल तर डॅक्लाटासविरवाली. लिव्हर फारच खालावलं असेल तर सोबत रिबाविरिन, नाहीतर कोर्स २४ आठवड्यांचा. म्हणजे मी जी तीन महिन्यांची औषधं मागवली होती, ती बाबूजींसाठी नव्हतीच.

मी बॅगेतून तो डबा काढला आणि टेबलावर ठेवला. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त तीन प्रश्न विचारले. हेपटायटिस बी तपासला का? कारण तो सोबत लपलेला असेल तर सी चं औषध सुरू झाल्यावर उसळू शकतो. हृदयाची कोणती गोळी चालू आहे का? कारण अमिओडॅरोन नावाच्या गोळीसोबत सोफोसबुविर दिलं तर ठोके धोकादायक कमी होऊ शकतात. आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात का?

तिसऱ्याचं उत्तर होतं, हो. बाबूजी गेली कित्येक वर्षं सकाळी उठले की ती गोळी घेतात. चहासारखी सवय. आणि पोटातलं आम्ल कमी झालं की वेल्पाटासविर नीट शोषलं जात नाही. म्हणजे बरोबर औषध मिळालं असतं तरी मी ते अर्धं वाया घालवलं असतं.

मी ज्याला पेंडिंग म्हणत होतो ना, त्यातल्या बऱ्याचशा दिवसांत खरं काम चाललेलं होतं. बी तपासणं, लिव्हर मोजणं, जुन्या गोळ्या बंद करणं. सगळेच दिवस तसे होते असं मी म्हणणार नाही. २४ जूनला औषध लिहून दिलं, आणि ते हातात आलं १७ जुलैला. त्या तेवीस दिवसांत फक्त साठा यायचा होता. दर दोन-तीन दिवसांनी फोन, आणि तिकडून तेच: "गोळ्या अजून आल्या नाहीत." ज्याचं लिव्हर आधीच १६.४ वर आहे, त्याच्या घरच्यांना हे वाक्य कसं लागतं ते मला आता माहीत आहे. ही वाट कमी व्हायलाच पाहिजे. पण दोन्ही वाटा एक नाहीत, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तरी एक आठवण ठेवू या. सोफोसबुविर डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा १२ आठवड्यांच्या कोर्सची किंमत होती ८४ हजार डॉलर. एक गोळी हजार डॉलरला. २०१४ मध्ये भारतातल्या कंपन्यांना ती बनवायचा परवाना मिळाला आणि किंमत खाली आली. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती, वर्षवर्षभर, ताप आणि अशक्तपणा, आणि एवढं करून कित्येकांना गुण नाही. आता या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास लोक बरे होतात. इजिप्तमध्ये हा आजार घराघरात होता, त्याचं एक मोठं कारण म्हणजे जुन्या काळी दुसऱ्याच एका रोगासाठी एकाच सुईने अनेकांना दिलेली इंजेक्शनं. त्यांनी २०१८ पासून कोट्यवधी लोकांची तपासणी केली, औषधं दिली. म्हणजे होऊ शकतं.

त्या तेवीस दिवसांत आम्ही काय केलं? अ‍ॅसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली. रात्रीचं जेवण आठच्या आत. मायचं आणि माझं पण रक्त तपासलं, दोघांचं निगेटिव्ह. शेजारच्या काकांनी काविळीचा झाडपाला आणून दिला होता, तो प्रेमाने परत केला, कारण कडक झालेल्या लिव्हरवर असा काढा उलटू शकतो. दारू बाबूजी घेत नाहीत, तो प्रश्न नव्हता. आणि मी रोवणीला गेलो. बारा वर्षांनी चिखलात उतरलो. माझी ओळ वाकडी जायची आणि बायका हसायच्या.

१७ जुलैला दुपारी फोन आला. आम्ही दोघं तशाच चिखलाच्या पायांनी, बांधावरच्या नळावर पाय धुऊन, गाडीवर निघालो. खिडकीतून एक बाटली मिळाली. २८ गोळ्या. सिस्टर म्हणाल्या, "रोज एकाच वेळेला. एक पण चुकवायची नाही. बाटली संपायच्या चार दिवस आधी या."

बाबूजींनी बाटली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, जिथे ते धानाचे पैसे ठेवतात.

आज ३ ऑगस्ट. १७ गोळ्या झाल्या, ११ उरल्यात. थोडं डोकं दुखतं म्हणतात, थकवा आहे, बाकी ठीक. ८४ वी गोळी ८ ऑक्टोबरला, तेव्हा धान निसवलेलं असेल. त्यानंतर पुन्हा १२ आठवडे थांबायचं आणि मग परत आरएनए टेस्ट. त्यात विषाणू सापडला नाही तर बरे झाले म्हणायचं. म्हणजे नवीन वर्षाचा पहिला आठवडा. आणि बरे झाले तरी सिरोसिस आहे म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. अँटीबॉडी तर जन्मभर पॉझिटिव्हच दिसणार, म्हणून सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवलेत. मोतीबिंदूचं पुढच्या भेटीत विचारणार आहोत.

मी मागवलेला तो डबा अजून कपाटात आहे. विकणारा परत घेत नाही, आणि मी तो कोणाला देणार नाही. कपडे काढायला कपाट उघडलं की दिसतो.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी २००० च्या आधी रक्त चढवलेलं माणूस असेल, जुन्या काळी खेड्यात बरीच इंजेक्शनं घेतलेलं असेल, तर एकदा अँटी एचसीव्ही तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात विचारा. आणि पॉझिटिव्ह आलं तर मोबाइलवरून औषध मागवू नका. माझ्यासारखे हुशार होऊ नका.

खालून आवाज येतोय. रात्रीचे साडेआठ झाले, गोळीची वेळ. मी अलार्म लावून दिलाय, पण त्याच्या आधीच मायची हाक जाते. भेटू पुढच्या भागात.