शिरेंतील नळी : लावणें आणि राखणें



एखाद्या आप्ताच्या समाचारास आपण रुग्णालयांत गेलां असाल, तर खाटेशेजारच्या लोखंडी दांड्यास उलटी टांगलेली बाटली आणि तिच्यांतून रोग्याच्या हातापर्यंत आलेली पारदर्शक नळी आपण पाहिलीच असेल. आपल्याकडे या सर्व व्यवस्थेस 'सलाईन' हा एकच शब्द रूढ झाला आहे. 'सलाईन लावलें' असें ऐकलें कीं घरच्या माणसांस धीर येतो. आणि 'सलाईन लावावें लागलें' असें ऐकलें कीं त्याच माणसांच्या पोटांत गोळा उठतो.

मीं पस्तीस वर्षें परिचारिकेचें काम केलें. या काळांत किती हातांत ही नळी घातली याची मोजदाद मजजवळ नाहीं. ती घालण्याच्या कौशल्याचें लोकांस फार कौतुक असतें. 'त्या सिस्टरचा हात हलका आहे' अशी कीर्ति एका वॉर्डांतून दुसऱ्या वॉर्डांत जाते. परंतु घातलेली नळी नीट राखणें हें जें निराळें काम आहे, त्याची कीर्ति कोठेंच जात नाहीं. आणि रोग्याचें बरेंवाईट बहुधा त्यावरच ठरतें.

या उपचाराच्या जन्मकथेंतच हें दिसून येतें. १८३१-३२ सालीं इंग्लंड-स्कॉटलंडांत पटकीची सांथ पसरली. विल्यम ब्रुक ओशॉनेसी या तरुण डॉक्टरानें रोग्यांचें रक्त तपासून त्यांतील पाणी व क्षार निघून गेलेले असतात असें दाखविलें. हेच ओशॉनेसी पुढें १८३३ सालीं कलकत्त्यास आले आणि हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें त्यांनींच उभारलें. पण तो विषय निराळा. त्यांच्या निष्कर्षाच्या आधारें लीथ येथील डॉक्टर थॉमस लॅटा यांनीं १८३२ सालीं एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेंत मिठाचें पाणी सोडलें. अर्ध्या तासांत सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरांहून अधिक पाणी गेलें, आणि जिची नाडीही हातास लागत नव्हती ती बाई बोलूं लागली. लॅटा तिला तेथील डॉक्टरांच्या स्वाधीन करून निघून गेले. मागाहून वांत्या व जुलाब पुन्हां सुरू झाले. लॅटांस कोणी कळविलें नाहीं. आणि साडेपांच तासांत ती बाई वारली. शीर सांपडली होती, पाणीही गुणकारी ठरलें होतें. पुढें लक्ष ठेवणारें मात्र कोणी नव्हतें.

आतां नळी लावतात कशी तें थोडक्यांत सांगतें. पुष्कळांची समजूत असते कीं सबंध वेळ हातांत सुईच टोंचलेली राहते. पूर्वीं तसेंच होतें. १९५० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डेव्हिड मासा यांनीं सुईवर चढविलेल्या प्लॅस्टिकच्या नळीची युक्ति प्रसिद्ध केली. तेव्हांपासून सुई फक्त वाट दाखविते व परत येते. आंत राहते ती मऊ नळी. या नळ्यांची जाडी आंकड्यानें सांगतात, आणि आंकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. १८ ची हिरवी, २० ची गुलाबी, २२ ची निळी, २४ ची पिवळी. अपघातांतील रोग्यास झपाट्यानें द्रव किंवा रक्त द्यावयाचें तर हिरवी. साध्या औषधांस निळी पुरते. तान्ह्या मुलास पिवळी.

शीर डोळ्यांपेक्षां बोटास अधिक कळते. चांगली शीर दाबली असतां रबरासारखी खालीं जाते व वर येते. मनगट आणि कोपर यांच्यामधील भाग सर्वांत चांगला, कारण सांध्यावर लावलेली नळी हात वांकविला कीं दुमडते. ज्या बाजूस स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा डायलिसिससाठीं शीर जोडून ठेवली आहे, तो हात वर्ज्य समजावा. शीर रुसून बसली तर हात खालीं लोंबूं द्यावा, ऊन पाण्यांत पिळलेलें फडकें ठेवावें, रोग्यास मूठ उघडमीट करण्यास सांगावें. बांगड्या वर सरकवून भागत नाहीं. त्या उतरवाव्या लागतात, आणि सुवासिनी बाईस त्या उतरवितांना वाईट वाटतें. अशा वेळीं घाई करूं नये. कांचेच्या बांगड्या साबणाच्या पाण्यानें निघतात, त्या न फोडतां कागदांत गुंडाळून तिच्याच उशाशीं ठेवाव्या.

मग हात स्वच्छ धुवून, जंतुनाशक लावून तें पुरतें वाळूं द्यावें. हें वाळणें म्हणजेच औषधाचें काम होणें. फुंकर मारून किंवा कापसानें पुसून तें साधत नाहीं. वाळल्यावर त्या जागेस पुन्हां बोट लावूं नये. दोनदां प्रयत्न करून शीर सांपडली नाहीं तर दुसऱ्या परिचारिकेस बोलवावें, यांत कमीपणा नाहीं. तिसऱ्यांदां टोंचणारी सिस्टर बहुधा आपल्या अभिमानास्तव टोंचीत असते.

नळी बसली, चिकटपट्टी लागली, तारीख व वेळ लिहिली, म्हणजे लोकांच्या लेखीं काम संपलें. माझ्याही लेखीं एकेकाळीं तें संपत असे. एका रात्रपाळींत साठीच्या पुढच्या एका खेडवळ आजींस कॅल्शियम शिरेवाटे चाललें होतें. नळी निघूं नये म्हणून मीं त्यांच्या हातावर गुंडाळपट्टी अगदीं घट्ट व सुबक बांधली होती. रात्रींतून तीन वेळां मीं खाटेजवळ गेलें, थेंब पडत आहेत हें पाहिलें, आणि तक्त्यावर 'चालू' असें लिहिलें. पहांटे पट्टी सोडली तों हात कोपरापर्यंत सुजून टणक झाला होता, आणि मनगटाच्या वर फोड उठले होते. औषध शिरेबाहेर मांसांत जात होतें. 'आजी, दुखत नव्हतें का?' असें मीं विचारलें. त्या म्हणाल्या, 'दुखत व्हतं की. पन तुम्ही रातभर पळताय, म्हटलं कशाला आनि तरास द्यायचा?' त्या ठिकाणचें कातडें काळें पडून गळलें, आणि जखम भरून येण्यास दोन महिने लागले.

थेंब पडतात म्हणून नळी शिरेंतच आहे असें होत नाहीं. शिरेबाहेरच्या सैल मांसांतही पाणी बराच वेळ मुकाट्यानें मुरत राहतें. त्या दिवसापासून मीं बाटलीकडे पाहण्याआधीं हाताकडे पाहूं लागलें. जागा झांकणारी पट्टी पारदर्शक असावी. दर पाळीस, आणि दाहक औषध चाललें असेल तर तासातासास, त्या जागेवर हात फिरवून पाहावें. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. आपल्याकडच्या सांवळ्या कातडीवर ती सहज दिसत नाहीं. म्हणून ऊब, टणकपणा, सूज बोटांनीं चांचपावी, दुसऱ्या हाताशीं ताडून पाहावी, आणि रोग्यास स्पष्ट विचारावें. 'बरें आहे ना?' असें विचारल्यास आपला रोगी 'बरें आहे' असेंच म्हणतो. 'येथें ठणकतें कीं जळजळतें?' असें विचारलें कीं खरें उत्तर येतें. दुखणें, लाली व सूज यांपैकीं दोन गोष्टी आढळल्या कीं नळी काढून दुसरीकडे लावावी. नळीचें तोंड औषध घालण्यापूर्वीं दर वेळीं जंतुनाशकानें पंधरा सेकंद घासावें. औषधापूर्वीं व नंतर मिठाचें पाणी सोडून ती धुवावी. अडथळा लागला तर जोर करूं नये.

नळी ठराविक दिवसांनीं बदलावी कीं नाहीं, याविषयीं मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियांत ३२८३ रोग्यांवर झालेल्या आणि २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नियमानें बदललेल्या व कारण पडेल तेव्हांच बदललेल्या अशा दोन्ही गटांत शिरेचा दाह सारखाच, शेंकडा ७ जणांस झाला. पण कारण पडलें हें कळावयाचें तर कोणी तरी पाहत असलें पाहिजे. जेथें एका परिचारिकेकडे चाळीस खाटा असतात तेथें ही सवलत आळसास निमित्त होऊं नये, असें मला वाटतें.

नातलगांस माझी एक विनंति आहे. नळीवरच्या चाकास हात लावूं नका. थेंबांचा वेग हिशेबानें ठरलेला असतो. ज्या संचांत २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यांतून ५०० मिलिलिटर चार तासांत द्यावयाचें तर मिनिटास ४२ थेंब पडावे लागतात. लवकर घरीं जावें म्हणून कोणी चाक सैल केलें, तर हृदयरोग्याच्या छातींत पाणी भरतें. नळींतल्या दोनचार बारीक बुडबुड्यांस मात्र भिऊं नका.

आणि अशक्तपणा आला म्हणून बाटली चढवून मागूं नका. शेंकडा ५ च्या ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटरांत साखर असते २५ ग्रॅम. ती सरबतांतूनही मिळते. १९७१ सालीं बोनगांवच्या निर्वासित छावणींत शिरेवाटे देण्याचें द्रावण संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व सोडा यांचें पाणी तोंडानें पाजूनच पटकीचे असंख्य रोगी वाचविले. म्हणून रोगी पाणी पिऊं लागला, गोळ्या घेऊं लागला, कीं त्या दिवशींच्या फेरींत डॉक्टरांस विचारावें, 'ही नळी अजून हवी आहे का?' कोणत्याही कामाविना हातांत राहिलेल्या नळ्या मीं फार पाहिल्या आहेत.

काढतांना कापूस दाबून धरून दोनतीन मिनिटें सोडूं नये, नळीचें टोंक अखंड आहे हें पाहावें, वेळ लिहावी. शिरेचा दाह कधीं कधीं नळी काढल्यानंतरही उमटतो. म्हणून घरीं गेल्यावर दोन दिवस ती जागा पाहत असावें, आणि तेथें दोरीसारखी टणक शीर लागली, किंवा ताप भरला, तर रुग्णालयांत परत येऊन दाखवावें.