धानाच्या चुकाऱ्यातले गणित



तुमसर तालुक्यातील बपेरा गावच्या या शिक्षक-पालक मेळाव्याचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. लहान मुलांना काम आणि पैसा कसा शिकवावा, हा विषय तुम्ही निवडलात. बावनथडीच्या काठी, धानाच्या मुलखात त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या शाळांत बाल आनंद मेळावा भरतो. मुले चिवडा, भजी, घरची भाजी विकायला बसतात. चौथीतली एखादी मुलगी चिवडा विकून दोनशे रुपये जमवते आणि ‘गुरुजी, दोनशे रुपये नफा!’ म्हणत धावत येते. आपण टाळ्या वाजवतो. तिथेच धडा अर्धवट राहतो. मुरमुरे, शेंगदाणे, तेल कोणी आणले? आईने पहाटे उठून चिवडा केला, त्या कष्टाची मजुरी कोणत्या रकान्यात मांडायची? हे दोन प्रश्न तिला त्याच दिवशी विचारा. नफा कशाला म्हणतात ते तिला कळेलच, पण घरात पैसा न घेता किती काम होते, हेही तिच्या ध्यानात येईल.

आता धानाकडे येऊ. 2025-26 साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. फळ्यावर लिहा : दहा क्विंटल, 23,690 रुपये. मग मुलांना घरून आकडे आणायला सांगा. बियाणे, खत, चिखलणीचा ट्रॅक्टर, रोवणीची मजुरी, कापणी, मळणी, हमाली. एकेक आकडा वजा होत जाईल तसा वर्ग शांत होत जाईल. रोवणी गुत्त्याने दिली होती की रोजाने, बायांना किती मिळाले आणि गड्यांना किती, हेही मुले सांगतील. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा देशात 1976 साली झाला. मग बायांच्या आणि गड्यांच्या मजुरीत फरक का, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला गप्प बसवू नका.

धान सरकारी खरेदी केंद्रावर मोजले आणि चुकारे अजून यायचे आहेत, त्या मधल्या दिवसांत घर कसे चालते? हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले माहीत आहे. ‘वहीत मांडून ठेवा’ असा निरोप घेऊन किराणा दुकानात तीच जातात. उधारीचा धडा तिथून सुरू करा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे मात्र आधी सांगा.

पुढे ते धान भरडाईला राईस मिलमध्ये जाते. शंभर किलो धानामागे 67 किलो तांदूळ द्यावा, असे सरकारी प्रमाण आहे. कोंडा आणि तूस यांचाही व्यापार होतो. हमाल, मापारी, मिलमजूर, ट्रकचालक, रेशन दुकानदार अशा कितीतरी जणांची चूल त्यावर पेटते. शेवटी सरकारने विकत घेतलेल्या धानाचा तांदूळ रेशनवर फुकट मिळतो. ‘शेतकऱ्याला पैसे मिळाले, आपल्याला तांदूळ फुकट मिळाला, मग पैसे कोणी दिले?’ एवढे विचारून थांबा. कर आणि सरकार ही नागरिकशास्त्राची वाट तिथूनच निघते.

आपल्या विदर्भात कामातून शिकवण्याची वाट जुनी आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, ही त्यातली अपेक्षा मला मान्य नाही. मूल कमावण्यासाठी शाळेत येत नाही. पण गावातले काम हेच पाठ्यपुस्तक, हा विचार आजही खरा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. माझ्या मते सहावीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तिसरीतल्या मुलाला वजनकाटा कळतो आणि आईचा थकवाही कळतो.

आणखी एक विनंती. ‘शिकला नाहीस तर रोवणीला जाशील’ हे वाक्य वर्गात उच्चारू नका. त्या वर्गात रोवणी करणाऱ्या आईचे मूल बसलेले असते.

यंदा धान खरेदी केंद्र सुरू झाले की एक दिवस वर्ग तिकडे न्या. काट्याजवळ उभे राहून मुलांना मापाऱ्याशी, हमालाशी, शेतकऱ्याशी बोलू द्या. मुले जे प्रश्न घेऊन परततील, ते वहीत उतरवून पुढच्या मेळाव्याला आणा.