रुबार्ब पायमधलं पाणी
इंग्लंड-अमेरिकेत वसंतात घरोघरी होणारा रुबार्ब पाय बिघडतो तो बहुधा पाण्यामुळे. रुबार्ब या वनस्पतीच्या आंबट देठांत 90 टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ओव्हनमध्ये ते सुटतं आणि खालची पारी लिबलिबीत होते. म्हणून तुकड्यांना आधी साखर लावून ठेवावी, सुटलेला रस आटवावा आणि कॉर्नफ्लोअरसह पुन्हा सारणात मिसळावा. यानं चव जाईल, असं कुणी म्हणेल. पण रस फेकायचा नाहीच, आटल्यावर तो अधिकच चवदार लागतो. साखर फार होते, हा आक्षेप खरा, तरी ऑक्झॅलिक आणि मॅलिक आम्लांचा आंबटपणा तिच्याशिवाय सोसवत नाही. पानं मात्र कटाक्षानं टाकून द्यावीत: पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ती भाजी म्हणून खाल्ल्यानं विषबाधा झाली होती.