थरथरणारे यंत्र आणि स्नायूंची ताकद
(मुरबाड येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या व्यायामशाळेसाठी थरथरणारे यंत्र घ्यावे, अशी सूचना काही तरुणांनी मांडली आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला ‘दहा मिनिटे नुसते उभे राहा, ताकद वाढेल’ हे ऐकून मोह होणारच. पण पैसा तुमच्या वर्गणीचा आहे. म्हणून आधी हे यंत्र समजून घेऊ.

कल्पना नवी नाही. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८९२ साली कंपवाताच्या रोग्यांसाठी हलणारी खुर्ची सुचवली होती, कारण घोडागाडीच्या व रेल्वेच्या प्रवासानंतर आपल्याला बरे वाटते असे रोगी सांगत. पुढे सोव्हिएत संघात नाझारोव्ह यांनी खेळाडूंवर कंपनाचे प्रयोग केले.

यंत्राची फळी सेकंदाला साधारण २० ते ५० वेळा वर-खाली होते. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे: सेकंदाला ३० वेळा आणि मध्यापासून २ मिलिमीटर हालचाल धरली, तर फळीचे कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे सातपट येते. त्या हिसक्याने स्नायूतील ताण ओळखणारे सूक्ष्म तंतू खेचले जातात आणि मेंदूची वाट न पाहता मज्जारज्जूतून आज्ञा येऊन स्नायू आकसतो. गुडघ्याखाली डॉक्टरांनी हातोडी मारली की पाय उडतो, तसेच हे आहे.

याने ताकद वाढते का? बेल्जियममधील लूव्हन विद्यापीठाचा २००३ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. व्यायामाची सवय नसलेल्या तरुणींनी १२ आठवडे फळीवर उठाबशांसारखे व्यायाम केले. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १६.६ टक्के वाढली. मात्र साध्या वजनांचा व्यायाम करणाऱ्या गटाचीही १४.४ टक्के वाढली! म्हणजे यंत्र खोटे नाही, पण वजनांपेक्षा फार मोठेही नाही. शिवाय त्या मुली नुसत्या उभ्या नव्हत्या. आधीच कसलेल्या मुलांना तर लाभ फारच थोडा होतो.

हाडांचे काय? कॅनडात पाळी गेलेल्या २०२ स्त्रियांवर वर्षभर सौम्य कंपनाचा प्रयोग झाला. २०११ साली निष्कर्ष आला, की हाडांच्या घनतेत फरक पडला नाही.

दुसरी बाजूही ऐका. माळशेजच्या रस्त्यावर रोज गाडी हाकणारा चालक किंवा ट्रॅक्टरवाला भाऊ कंबर धरून का बसतो? त्यालाही कंपनच मिळते, पण तासन्‌तास, बसलेल्या मणक्याला. युरोपात कामगारांसाठी याची मर्यादा २००२ सालीच कायद्याने ठरली. म्हणून यंत्रावरही काही मिनिटेच उभे राहायचे. गरोदर स्त्रिया, नुकते हाड मोडलेले, पेसमेकर बसवलेले आणि मूतखडा असलेले यांनी तर त्यापासून दूरच राहावे.

माझे मत स्पष्ट सांगतो. तेवढ्या पैशात वजने, सळ्या, डिप्सचे बार आणि चांगला शिक्षक मिळेल. भार हळूहळू वाढवत नेणे, हेच ताकदीचे खरे तंत्र आहे. आणि ज्या आयांनी डोक्यावर हंडे वाहून, चिखलात वाकून भात लावून आपल्याला वाढवले, त्या म्हातारपणी पडू नयेत म्हणून रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे त्यांना शिकवा. त्याला वर्गणी लागत नाही, घरातल्या मुलाने शेजारी उभे राहिले की पुरे.

जाहिरात वाचा, पण आकडे विचारा.